भाऊंचे खांदे

शहापूर-मुरबाड भागातल्या कितीतरी घरांत भिंतीवर हार घातलेला एक फोटो असतो. त्या फोटोत गळ्याच्या वर ज्याचा त्याचा माणूस आहे आणि गळ्याच्या खाली आमचे भाऊ आहेत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्राथमिक शाळेच्या शिक्षकांना सरकार शिकवणं सोडून बाकी सगळी कामं देतं, त्यामुळे तालुक्यातल्या घराघरांत जाऊन ओटीवर बसलेली मी बाई आहे. एकदा डोळखांबच्या बाजूला असंच घरं मोजत फिरताना पाणी पिता पिता भिंतीकडे नजर गेली. म्हातारबाबांचा फोटो, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, डावा खांदा उजव्यापेक्षा अंगठाभर खाली. पुढच्या पाड्यात दुसरे बाबा, पण शर्ट तोच आणि खांदाही तसाच उतरलेला. चौथ्या घरात मी विचारलंच, "फोटो शहापूरला केलात का?" घरातली सून म्हणाली, "हां, भाऊंकडं." त्या दिवशी माझी माणसं मोजायची राहिली आणि मी खांदेच बघत फिरले.

भाऊंचा डावा खांदा उतरलेला होता, कारण जन्मभर त्याच्यावर कॅमेऱ्याची पिशवी होती. शहापूरच्या बाजारपेठेत त्यांचा स्टुडिओ. पाटीवर नुसतं 'फोटो स्टुडिओ'. वर नावासाठी मोकळी जागा सोडली होती, पण स्टुडिओला काय नाव द्यावं हे भाऊंचं काही ठरेना, आणि ठरेपर्यंत पाटी रंगवणारा पेंटर गाव सोडून गेला. लग्न केलं नव्हतं. स्टुडिओच्या मागच्या खोलीत राहायचे, खानावळीचा डबा खायचे. मूळचे मुरबाडचे, मीही मुरबाडची, म्हणून माझ्याशी जरा जास्त बोलायचे. जास्त म्हणजे चार वाक्यांच्या जागी सहा.

मी संध्याकाळी तडक स्टुडिओत गेले आणि म्हटलं, "भाऊ, हा काय प्रकार आहे?" ते हातातला ब्रश धूत होते. म्हणाले, "अहो बाई, त्या लोकांकडे फोटो असतो कुठे? घरातलं माणूस गेलं की माझ्याकडे येतात. म्हणतात, बघा हो, आमचा म्हातारा तुमच्याकडं असंल. असतोच. भजनी मंडळाच्या फोटोत तिसऱ्या रांगेत असतो, नाहीतर नाटकात तोंडाला रंग लावून राजा झालेला असतो, नाहीतर नाचाच्या मेळात तारपा वाजवत असतो. मी त्याचा मुकुट काढतो, रंग उतरवतो. चेहरा मिळतो. अंग कुठून आणू? म्हणून एकदा माझाच फोटो काढून ठेवलाय, शर्ट घालून. तोच लावतो." मग म्हणाले, "माझ्या अंगाला तरी दुसरं काय काम आहे?" आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

तर म्हाताऱ्यांचे चेहरे भाऊंकडे का असायचे, तेही सांगते. तालुक्यात ज्यानं म्हणून टाळ हातात घेतला, पायांत घुंगरू बांधले किंवा तोंडाला रंग लावला, त्याचा फोटो भाऊ काढायचे आणि बाहेरच्या काचेच्या कपाटात लावायचे. लग्नातल्या नवरानवरीला त्या कपाटात जागा नव्हती. उंबरमाळीचे भजनीबुवा, पाड्यांवरचे नाचाचे मेळ, सगळे भात झोडून झालं की कामासाठी बाहेरगावी जायच्या आधी स्टुडिओत येऊन जायचे. कपाटात आपला फोटो लागला की नाही, हे काचेला नाक लावून बघायचे. आणि दर गुरुवारी सहा वाजता भाऊ कॅमेरा बाजूला सारून सतरंजी अंथरायचे. मग तिथे आमच्या हौशी नाटक मंडळाची तालीम व्हायची. स्टुडिओचेच दिवे, स्टुडिओचाच चहा. भाऊ स्वतः कधी नाटकात उभे राहिले नाहीत. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकायचे, आणि कुणी खोटं रडलं की फक्त खाकरायचे. त्यांच्या खाकरण्याला आम्ही जेवढे टरकायचो, तेवढे साहेबांच्या मेमोलाही टरकलो नाही.

मी त्या मंडळात शिरले ती एका ओळखपत्राच्या फोटोमुळे. बदली होऊन शहापूरला नवीन आले होते. फोटो काढायला बसले तर हा माणूस वीस मिनिटं झाली तरी बटण दाबेना. "बाई, तुम्ही अजून आला नाहीत. तुम्ही वर्गातच आहात. या, मग काढू." हे त्यांचं नेहमीचं होतं. माणूस खुर्चीत बसला म्हणून तो आला असं ते मानायचे नाहीत. मला शाळेची घाई. मी चिडून म्हटलं, "मी इथेच आहे आणि माझी दुपारची शाळा आहे." समोरच्या किराणा दुकानातली माणसं वळून बघायला लागली. भाऊंनी बटण दाबलं आणि म्हणाले, "हा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. नाटकात काम कराल?"

मी म्हटलं, कराल म्हणजे काय, करेनच. तेव्हा मला दत्तूबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

दत्तू सापगावचा. भाताची शेती, उंच, बारीक, लांब मानेचा. आमच्याच एका हेडमास्तरांनी लिहिलेलं एक नाटक मंडळ वर्षानुवर्षं करायचं, आणि त्यातलं आईचं काम दत्तू करायचा. नऊवारी नेसून तो पुढे आला की समोर बसलेल्या बायका आपापले पदर सावरायच्या. भाऊ आणि तो जिवाचे दोस्त. बाजाराच्या दिवशी दत्तू भाजीची पाटी स्टुडिओत टेकवून तासभर बसायचा. दोघं काय बोलायचे, तर काही नाही. भाऊ निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यांवरचे डाग झाकायचे, दत्तू बघायचा.

पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेत पुरुषानं बाईचं काम केलं म्हणून पुढच्या रांगेतली माणसं हसली. मंडळातले लोक कुरकुरायला लागले की आता खरी बाई पाहिजे. भाऊंनी बाई आणली, ती मी. पहिल्या गुरुवारी मी आईचं भाषण वाचलं. दत्तू सतरंजीच्या कडेला बसून ऐकत होता. चहा प्याला, आपला पेला आपणच विसळून पालथा घातला, म्हणाला, "जातो मी. भात झोडायचा रायलाय." पुढच्या गुरुवारी आला नाही, त्याच्याही पुढच्या गुरुवारी नाही. आठवडी बाजारातही तो स्टुडिओच्या रस्त्यानं यायचा बंद झाला.

भाऊंचं सगळं लक्ष मग या एकाच गोष्टीत अडकलं, की दत्तू परत यावा. काम करायला नाही तर नुसता बसायला यावा. दर वर्षी दिवाळीनंतर नाटकाची तालीम सुरू व्हायची, त्या दिवशी नारळ फोडायचा. त्याची पत्रिका भाऊ छापून घ्यायचे, चांगल्या जाड कागदावर. बाकीच्यांना ती हातोहात मिळायची. दत्तूच्या पत्रिकेवर मात्र ते त्याचा आईच्या वेषातला तिकिटाएवढा फोटो चिकटवायचे, सुवाच्य अक्षरात पत्ता घालायचे आणि पोस्टात टाकून यायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, सापगाव काय लांब आहे? जाऊन का देत नाही?" तर म्हणाले, "दारात जाऊन उभा राहिलो तर त्याला नाही म्हणता येणार नाही. पोस्टानं गेली की त्याची मर्जी. त्याचा मान राहतो." मला ते पटलं. मला तर फार नाजूक आणि मोठ्या मनाचं वाटलं. नारळाच्या दिवशी आठ वाजेपर्यंत शटर अर्धं वर असायचं. बाहेर रिक्षा थांबली की भाऊ म्हणायचे, "बघा हो बाई, कोण आहे."

कधी एखाद्या दिवशी सांगायचे, "दिसला आज. बियाणं घेत होता. बारीक झालाय." मी विचारायची, "बोललात?" ते म्हणायचे, "त्यानं पाहिलं नाही." दत्तूही घरी जाऊन हेच सांगायचा, हे मला फार पुढे त्याच्या बायकोकडून कळलं.

अशी तेवीस वर्षं गेली. मोबाइल आला आणि स्टुडिओत फक्त पासपोर्टचे आणि दाखल्यांचे फोटो उरले. मंडळातलं कुणी कल्याणला फ्लॅट घेऊन गेलं, कुणाचे गुडघे गेले, कुणी वरच गेलं. गुरुवारी सतरंजीवर आम्ही चारपाच जण आणि बाकी सतरंजी. रविवारी तर भाऊ सकाळपासून दुकान उघडून गिऱ्हाइकाच्या बाकावर स्वतः बसलेले दिसायचे. मी म्हणायची, आमच्याकडे या जेवायला. म्हणायचे, "येतो येतो." आले कधी नाहीत. एकटं राहायची सवय लागलेल्या माणसाला आपण बोलावलं की त्याची पंचाईतच होते, हे मी समजून घेतलं. तरी वर्षाचं नाटक मात्र होत होतं, शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी तीनला, कारण पाड्यांवरच्या लोकांना शेवटची एसटी गाठायची असायची.

आणि मग एके दिवशी दत्तूचा मुलगा महेश स्टुडिओत आला. मी तिथेच होते. डोकं भादरलेलं बघूनच भाऊ उठून उभे राहिले. महेश ठाण्याला एका कंपनीत जातो, चांगला मुलगा आहे. म्हणाला, "काका, बाबा गेले परवा. झोपेतच. बाराव्याला फोटो पायजे. घरात हाय तो आधार कार्डावरचा, त्यात वळखूच येत नायत. मोबाइल समोर धरला का तोंड फिरवायचे. म्हनायचे, फोटो काढायला भाऊच पायजे."

भाऊ आत गेले. आतून एक पत्र्याची पेटी घेऊन आले. पेटीभर दत्तू. आणि प्रत्येक फोटोत नऊवारी, नथ, कुंकू, अंबाडा. महेशनं एकेक बघितला आणि खाली ठेवला. "ह्यातला नको, काका. लोकं येतील, हसतील. हे सगळं काढा आनि शर्ट घाला." भाऊ म्हणाले, "बरं."

दोन दिवस डबा तसाच परत गेला असं खानावळवाल्यानं सांगितलं, तेव्हा मी जाऊन बघितलं. कॉम्प्युटरवर दत्तूचा चेहरा मोठा करून ठेवलेला. कुंकू गेलं होतं, नथ गेली होती, केस आखूड झाले होते. डोळ्यांत मात्र काजळ होतं. भाऊ म्हणाले, "इतक्या लोकांचा रंग काढला मी बाई, कधी हात अडला नाही. हे काजळ काढलं की हा दत्तू राहत नाही. ठेवलं तर पोरगा घेणार नाही." त्यांनी हात मांडीवर ठेवले. मी त्यांना आजवर असं अडलेलं कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "थोडं राहू द्या. कुणाला कळत नाही." त्यांनी थोडं राहू दिलं. मग खाली आपला शर्ट लावला आणि म्हणाले, "दुसरं अंग नाही हो माझ्याकडे."

बाराव्याला आम्ही दोघं रिक्षानं सापगावला गेलो. जेवणं झाली, माणसं पांगली. दत्तूची बायको पारूबाई ओटीवर फोटोखाली बसल्या होत्या. भाऊंना म्हणाल्या, "बरा केलाव फोटो. डोळं त्याचंच हायत." मग म्हणाल्या, "खांदं तुमचं ना? आमच्या चुलतसासऱ्याच्या फोटोत बी हेच हायत. चला, तेवढं तरी आलाव घरात."

टोमणा नव्हता तो. साधं बोलत होत्या. भाऊ म्हणाले, "वहिनी, मी दर वर्षी पत्रिका पाठवत होतो." पारूबाई म्हणाल्या, "यायची की. पेटीत हायत सगळ्या. तो म्हनायचा, कागद आला गो, मानूस नाय आला. आमच्यात दारात येऊन अक्षता द्यायला लागतात. कागद परक्याला धाडतात. त्याला वाटलं, भाऊंनी आपल्याला परका केला."

"मग त्यानं एकदा सांगायचं नाही का?"

"आवतण मागून घ्यायचं असतं का, भाऊ?"

आता खरं म्हणजे हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी गावोगावच्या ओट्यांवर बसलेली बाई. लग्न असो, पूजा असो, हळदीच्या अक्षता आणि सुपारी घेऊन माणूस उंबऱ्याशी येतो, तेव्हा कुठे आवतण झालं असं इकडे मानतात. छापील पत्रिका ही नुसती वाचायला. हे मी शेकडो वेळा बघितलं होतं. पण भाऊंच्या जाड कागदाच्या पत्रिकेत मलाही मानच दिसला. आणि पत्रिका राहू दे बाजूला, ज्याचं काम मी घेतलं त्याच्या दारात मी तरी कधी गेले? लाज वाटत होती म्हणून नाही गेले. तेवीस वर्षं लाज वाटून घेण्यापेक्षा एकदा जाऊन आले असते तर काय बिघडलं असतं? मला त्या दिवशी भाऊंचा राग आला, दत्तूचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा आला.

परतताना रिक्षा बाजारपेठेत थांबली. भाऊंनी घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं लागली," म्हणाले, आणि स्टुडिओ उघडून आत गेले.

त्या वर्षी भाऊंनी एकही पत्रिका छापली नाही. एका रुमालात अक्षता आणि सुपाऱ्या बांधल्या आणि दारोदार फिरले. उंबरमाळीला गेले, मुरबाडला गेले, डोळखांबच्या वरच्या पाड्यांवर चालत गेले. काही घरांना कुलूप होतं, माणसं कामाला बाहेर गेलेली. शेजारी विचारून ती कधी येतात ते वहीत लिहून घेतलं आणि पुन्हा गेले. या वयात कशाला एवढं, म्हणून मी रागावले, तर म्हणाले, "बाई, आता कुठे मला काम लागलंय." सगळ्यांत आधी मात्र ते सापगावला गेले होते. मी बरोबर होते. पारूबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आता कोनाला आवतण?"

"तुम्हाला."

"मी तुमचं नाटक कदी बघलं नाय. मला कोनी बोलावलंच नाय."

"म्हणूनच आलो, वहिनी."

त्यांनी पदर पसरून अक्षता घेतल्या.

नाटकाच्या दिवशी पारूबाई आल्या. पुढच्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसल्या. हॉल अर्धा भरला होता, आमच्या मानानं खूपच. दुसऱ्या अंकात आईचं ते मोठं भाषण येतं. मी ते इतक्या वर्षांत झोपेतही म्हटलं असेल. पण समोर त्या बसलेल्या, आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. विंगेत आमचे प्रॉम्प्टर चष्मा शोधायला लागले. हॉलमध्ये पंखे ऐकू यायला लागले. तेवढ्यात पुढच्या रांगेतून हळू आवाजात पुढचं वाक्य आलं. पारूबाईंनी सांगितलं होतं. त्यांच्या सापगावच्या बोलीत, पण शब्दाला शब्द बरोबर. मी ते उचललं. पुढे बघते तर त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, भाषण संपेपर्यंत. मी खोटं रडायची तिथे त्या दिवशी खरी रडले. भाऊ खाकरले नाहीत.

नाटक संपल्यावर भाऊंनी विचारलं, "वहिनी, तुम्हाला हे पाठ कसं?"

"दर वर्सी तुमची पत्रिका आली का तो म्हनायला घ्यायचा. सांच्याला, गोठ्यात. मी भाकऱ्या थापत आयकायची. म्हनायचा, बोलवायला आले तर तयारी पायजे."

भाऊंनी मान हलवली. पारूबाईंना रिक्षात बसवून आले आणि हॉलमधल्या खुर्च्या घड्या घालून भिंतीला लावायला लागले. आम्ही म्हटलं, शाळेचा शिपाई करेल. त्यांनी ऐकलं नाही. आम्ही बाकीचे दारात उभे राहिलो आणि ते एकेक खुर्ची लावत राहिले. सगळा हॉल मोकळा झाला, तेव्हा मधोमध एकटे उभे राहिलेले भाऊ मला फार लहान दिसले.

त्यानंतरच्या भाद्रपदात ते गेले. सकाळी दुकान उघडून बाकावर बसले होते, तिथेच. मुरबाडहून त्यांची भाची आली, तिनं सगळं नीट केलं आणि स्टुडिओला कुलूप लावलं. आमची सतरंजी आता शाळेच्या एका वर्गात असते. मंडळ बंद करू या असं दोघातिघांनी म्हटलं, मी ऐकून घेतलं नाही. दिवाळी झाली तशी रुमालात अक्षता बांधल्या, सुपारी घेतली आणि सापगावला निघाले. एकटीच.

पारूबाई दारात तांदूळ पाखडत होत्या. सूप बाजूला ठेवून उभ्या राहिल्या, पदर पसरला. मग म्हणाल्या, "ह्या वर्सी आईचं काम कोन करतंय?"

"मीच."

"पाठ येतंय ना?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही पुढेच बसा."